गंगेनं परत केलेली ओटी

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी महारुद्र हरवलेली म्हैस हुडकायला गेला आणि नारळ घेऊन परत आला.

म्हैस पुरात गेल्याला नऊ दिवस झाले होते. ती आता मिळायची नाही हे त्याला सगळ्यांनी सांगून झालं होतं. पण शेडात बसून तरी काय करायचं, म्हणून तो रोज सकाळी दावं खांद्यावर टाकून निघायचा. शेड म्हणजे पालम रस्त्यावरचं बंद पडलेलं जिनिंग. डोहखेडच्या खालच्या वस्तीतली एकोणीस घरं तिथं येऊन राहिली होती. घरं आपली म्हणायची; माणसं तेवढी आली होती, भिंती जागेवरच बसल्या होत्या. जिथं एकेकाळी कापसाचे ढीग पडत तिथं आता साड्यांचे आडोसे, आडोशाआड चुली, आणि चुलींपाशी भिजलेलं धान्य वाळत घातलेलं. त्याच्या आंबूस वासाची आता लेकरांनाही सवय झाली होती.

महारुद्रानं नारळ सगळ्यांच्या मधोमध ठेवला. हिरव्या खणात बांधलेला, चिखलानं माखलेला, वर निळ्या दोरीच्या तीन गाठी. दोरी कुणाची हे विचारायची गरज पडली नाही. शाळेच्या ओळखपत्राची दोरी ती. पूर आला त्या सकाळी बायनाबाईनं नातीच्या गळ्यातून काढून घेतली होती, कारण खण बांधायला दुसरं काही हाताशी नव्हतं.

गोदावरीला इकडं कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. आणि गंगा वेशीत आली की तिची ओटी भरायची, ही चाल फार जुनी. लेकीसारखी आलीस, बरं झालं, आता ओटी घे आणि आपल्या घरी जा, असं तिला सांगायचं. बायनाबाईनं मारुतीच्या पाराजवळ गुडघाभर पाण्यात उभं राहून ओटी भरली आणि नारळ पाण्यात सोडला. गंगा काही परत गेली नाही. दुपारपर्यंत वस्ती गेली.

"कुठं घावला रं?" बायनाबाईनं विचारलं. साठी उलटलेली, ठेंगणी, आवाजानं मात्र अख्ख्या शेडाला पुरून उरणारी बाई. आत्ता तिचा आवाज खाली आला होता.

"वर. गायरानापाशी. वढ्याच्या काठच्या बाभळीत, बेचक्यात अडकून बसलता."

ओढा माळावरून निघतो, गायरानाच्या कडेनं खाली येतो, वस्तीला वळसा घालतो आणि गंगेला मिळतो. म्हणजे गायरान गंगेपासून चांगलं दीड-दोन किलोमीटर वर. नारळ सोडला खाली आणि सापडला वर.

"कुणी तरी नेऊन ठिवला आसंल," कोपऱ्यातून एकजण म्हणाला.

"पुरात? बाभळीवर? कामून, माकडं हाईत का आपल्यात?" दुसऱ्यानं विचारलं.

"तू हाईस की."

हसण्यावारी जायचं ते तिथंच थांबलं, कारण बायनाबाईनं नारळ उचलून कपाळाला लावला होता.

"तिनं नेला," ती म्हणाली. "सोमवारी ग्रामसभा हाय. गायरानात घरासाठी कोणती जागा पायजे ते तुमीच सांगा म्हणल्या ग्रामसेविका मॅडम. आठ दिस झाले आपण भांडायलोत, वढ्याकडं का माळाकडं. आन् गंगामायनं मपली ओटी उचलली, उलट्या पाण्यानं वर नेली, आन् बराबर वढ्याकडच्या जागंवर ठिवली. आता आजून काय करावं तिनं? तोंडानं बोलावं का?"

भांडण खरंच चाललं होतं. ओढ्याकडची जागा मऊ मातीची, सपाट, रस्त्याला लागून. माळ म्हणजे नुसता मुरूम, कुसळी गवत आणि ऊन. ज्यांना ओढ्याकडची जागा हवी होती ते पंधराजण, माळाकडं बोट दाखवणारे चार. नारळ आला आणि ते चारही गप्प झाले. देवीनंच जागा दाखवली म्हटल्यावर बोलायचं कुणी?

"एकदा मुंजाजीकाकाला दाखवा," महारुद्र म्हणाला. "पाण्यातलं त्येंलाच कळतंय."

मुंजाजी शेडाच्या दाराजवळ बसला होता. सत्तरीचा माणूस, पाणाड्या. विहीर कुठं खणायची हे सांगण्याचं काम त्यानं जन्मभर केलं. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो रानातून अनवाणी चालायचा. जिथं खाली पाणी असेल तिथं नारळ हातावर उभा राहायचा. कसा राहायचा ते त्यालाही सांगता यायचं नाही. बदल्यात तो एक जेवण घ्यायचा, दुसरं काही नाही. आणि एकादशीला कीर्तन असलं की बुवांच्या उजव्या हाताला टाळ घेऊन उभा राहायचा. ही त्याची दोन कामं; तिसरं काम त्यानं कधी केलं नाही म्हटलं तरी चालेल.

या नऊ दिवसांत तो फारसा कुणाशी बोलला नव्हता. कारण सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी काढत नव्हतं. तीस वर्षांपूर्वी खालच्या वस्तीतली विहीर त्यानंच दाखवली होती. हात-दोन हातांवर पाणी लागलं, ते गोड निघालं, आणि त्या विहिरीभोवती एकेक करून एकोणीस घरं उभी राहिली. पाण्याच्या जवळ जावं म्हणून माणसं खाली उतरली होती. आता त्याला दुसऱ्यांदा कुणाला कुठं बसवायचं नव्हतं.

पण बायनाबाईनं नारळ त्याच्यासमोर धरला तेव्हा नाही म्हणायला तोंड कुठं होतं.

ते सगळे गायरानात गेले. मुंजाजीनं चपला काढल्या, तोच ओटीचा नारळ हातावर आडवा ठेवला आणि बाभळीपासून निघाला. ओढ्याच्या काठानं साठ-सत्तर पावलं गेला असेल. नारळाची शेंडी हलली, मग नारळ हळूच डोकं वर काढून उभा राहिला.

मागं बायकांनी हात जोडले. बायनाबाईनं तिथंच चार दगड मांडून हळद-कुंकू वाहिलं. "झालं मग. ठरलं," ती म्हणाली. कुणी जागेच्या चौकटी पावलांनी मोजायला लागलं, कुणी आपल्या दाराचं तोंड कुठं करायचं ते सांगायला लागलं. नऊ दिवसांनी माणसं घराबद्दल बोलत होती.

मुंजाजी मात्र नारळाकडं बघत उभा राहिला.

"मुंजाभाऊ, तोंड कामून पाडलंव?" बायनाबाईनं विचारलं.

"पाणी हाय इथं."

"मग चांगलंच झालं की."

"व्हय," तो म्हणाला. "पाणी हाय."

त्याला दोन गोष्टी टोचत होत्या, आणि दोन्ही त्याला नीट धरता येत नव्हत्या. एक ही, की पाणी आहे म्हणून आनंद करायची सवय आणि पाणी आलं म्हणून पळालो ती आठवण, दोन्ही एकाच हातावर उभ्या होत्या. आणि दुसरी, त्याहून साधी. नारळ वर गेला कसा? देवीनं नेला, हे त्याला मान्यच होतं. देवीशिवाय कोण नेणार. पण ती नेते ती कशानं तरी नेते. पाण्यानं नेते. मग पाणी वर कसं चढलं?

त्या दिवशी एकादशी होती. पूर असो नसो, एकादशी चुकवायची नाही म्हणून शेजारच्या गावचे सिताराम महाराज फाट्यापर्यंत एसटीनं आले आणि तिथून चिखल तुडवत शेडात. चाळिशीचा माणूस, घरची शेती पाण्याखाली, पण वीणा गळ्यात घातली की चेहऱ्यावर त्याचं काही दिसायचं नाही. दिवेलागणीला कीर्तन उभं राहिलं. पत्र्याच्या शेडात टाळांचा आवाज छताला आपटून परत येतो. आधी सगळ्यांना ते गोंधळाचं वाटलं, मग मृदंगवाल्यानं त्या परत येणाऱ्या आवाजाच्या हिशोबानं हात थोडा आवरता घेतला आणि असं जमून गेलं, की जणू छतावर आणखी एक दिंडी उभी आहे. ज्यांची भांडीसुद्धा वाहून गेली होती त्या बाया डोळे मिटून डोलत होत्या. ज्यानं हे एकदा ऐकलं त्याला सुख म्हणजे काय ते वेगळं विचारावं लागत नाही.

पण उजव्या हाताचा टाळ चुकला. एकदा, मग परत एकदा. महाराजांनी मान न वळवता डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं. मुंजाजीचा टाळ चुकणं म्हणजे मारुतीच्या देवळातली घंटा आपोआप वाजण्यासारखं होतं.

बायनाबाईनं महाराजांना आधीच गाठून ठेवलं होतं. निरूपण संपत आलं तशी ती उठून उभी राहिली. "महाराज, ते सांगा ना. गंगामायनं जागा दाखवली ते. तुमच्या तोंडून आलं की समदे ऐकतेल."

महाराजांनी वीणा सावरली. "बायनामाय, मी शब्दाचा अर्थ सांगणारा माणूस. चुकलो तर लोक पुढच्या एकादशीला दुरुस्त करतेत. हा घराचा मामला हाय. पाण्याचा अर्थ सांगणारा माझ्या उजव्या हाताला उभा हाय, आन् आज त्याचं ध्यान टाळात न्हाई. म्हंजे तो काही तरी वाचायलाय. त्याला वाचू द्या."

सगळ्यांच्या माना वळल्या. मुंजाजी नुसता टाळांच्या दोरीशी चाळा करत राहिला.

"काका," महाराज आरतीनंतर त्याला हळू आवाजात म्हणाले, "सोमवारच्या आत वाचून व्हईल का?"

"बघतो, महाराज. एक अक्षर लागंना गेलंय."

ते अक्षर त्याला पुढच्या पाच मिनिटांत लागलं, आणि लागलं ते असं. शेडाचं शटर गंजून अर्ध्यावर अडकलेलं. एका वेळी दोन माणसं वाकून जातील एवढीच वाट. बाहेर केळी आणि साबुदाण्याचा प्रसाद मांडला होता म्हणून आतली गर्दी दाराकडं निघाली. तेवढ्यात बाहेर सर आली. जे बाहेर पोचले होते ते प्रसादाची पातेली उचलून तसेच आत घुसायला लागले. ते जास्त, त्यांचा रेटा जास्त. आतले बाहेर जाता जाता थबकले, मग मागं सरकायला लागले. मुंजाजी दाराकडं तोंड करून पाऊल पुढं टाकत होता आणि मागं मागं जात होता. "आरं ढकलू नका," तो म्हणाला, आणि बोलता बोलता थांबला. त्याची पाठ थेट आतल्या खांबाला जाऊन टेकली, जिथून तो निघाला होता त्याच्याही मागं.

"फुग," तो स्वतःशीच म्हणाला.

हा शब्द त्याच्या आजाच्या तोंडात असायचा. गंगा फार चढली की ओढ्याचं पाणी तिच्यात शिरू शकत नाही. उलट तीच ओढ्यात शिरते आणि त्याला मागं रेटते. ओढ्याला फुग आली, असं म्हणायचे. पण ती फुग गायरानाच्या खालच्या, ओढ्यावरच्या पुलापर्यंत यायची आणि पुलाशीच थांबायची. पुलाच्या वर फुग आलेली कुणी बघितली नव्हती. आजाच्या काळी पाऊस चार महिने वाटून यायचा. आता महिन्याचा पाऊस एका रात्रीत येतो, वरची धरणं आधीच काठोकाठ, सगळी दारं एकदम उघडतात. दार तेवढंच आणि गर्दी चौपट. मग पुलाला कोण विचारतो.

सकाळी उठल्या उठल्या तो सिद्धोधनकडं गेला. सिद्धोधन गवंडी, पस्तिशीचा, बुद्धविहाराच्या गल्लीत त्याचं घर होतं. पूर शिरला तेव्हा हा माणूस भांडी सोडून ओळंबा, थापी आणि लेव्हलची नळी घेऊन पळाला होता, आणि बबितानं, त्याच्या बायकोनं, त्यावरून टोमणे मारणं अजून सोडलं नव्हतं.

"या काका," ती म्हणाली. "चहा देते, पण नळीतून प्यावा लागंल. कपबश्या आणल्या न्हाईत ना आमच्या मालकानं."

"मला ती नळीच पायजे," मुंजाजी म्हणाला.

त्यानं सगळं सांगितलं. सिद्धोधन ऐकत राहिला, मग म्हणाला, "काका, एक सांगा. नारळ पाण्यात बुडतो का?"

"तरंगतो की."

"मग तो बाभळीच्या बेचक्यात जाऊन बसला, तव्हा पाणी कुठवर व्हतं?"

इतका वेळ मुंजाजी नारळ कुठं गेला ते बघत होता. किती उंच गेला ते बघितलंच नव्हतं.

पण आधी एक खात्री करायची होती, आणि ती एकाच माणसाकडं होती. बायनाबाई चुलीपाशी बसून भाकरी थापत होती.

"बाई, त्या दिशी नारळ सोडला तव्हा तो कोण्या तोंडानं गेला?"

"आता हे कामून?"

"सांगा तर."

तिनं हात थांबवला. आठवताना तिचा चेहरा मऊ झाला. "आधी जाईचना. माझ्या पायापाशीच फिरत राह्यला. पाणी उभं व्हतं, जरा बी वाहत न्हवतं. मग माझ्याच बाजूनं निघाला, पाराला वळसा घालून वढ्याकडं. मी म्हणलं, बया, गंगा गावात जायलीय. माहेरी आल्यावाणी. तिच्या ओटीत माझा खण व्हता, म्हून मला वाईट न्हाई वाटलं." जरा थांबून तिनं विचारलं, "का वो?"

"चला आमच्यासंगं. भाकरी राहू द्या."

बाभळीच्या बेचक्याला अजून ओढ्यातला गाळ, काड्या आणि एक फाटकी गोणी लटकत होती. नारळ जिथं बसला होता तिथली साल घासली गेली होती, ती महारुद्रानं बोट ठेवून दाखवली. सिद्धोधननं नळीत पाणी भरलं, बोटानं टिचक्या मारून आतले बुडबुडे काढले. तीस फुटी पारदर्शक नळी. दोन टोकं कितीही लांब धरा, दोन्हीकडं पाणी एकाच पातळीला थांबतं. एवढीच तिची विद्या, पण तिच्यावर माणसं मजले चढवतात.

"पाणी कुठवर यील ते पाण्यालाच इचारायचं," तो म्हणाला. "त्येला खोटं बोलता येत न्हाई."

एक टोक बेचक्याशी, दुसरं तीस फुटांवर. तिथं बांबू रोवून खूण करायची, मग पहिलं टोक त्या खुणेला आणि दुसरं पुढं. असं करत करत ते कालच्या चार दगडांकडं निघाले. वाटेत बायनाबाईनं दोनदा विचारलं, हे काय चाललंय, आणि दोनदा मुंजाजी म्हणाला, "मला बी बघायचंय." ते खरंच होतं. त्याला भीती कमी आणि उत्सुकता जास्त वाटत होती. पहिली विहीर दाखवताना वाटली होती तशी.

सहाव्या खेपेला सिद्धोधन हळद-कुंकवाच्या दगडांपाशी येऊन थांबला. नळी त्यानं छातीशी धरली, वर केली, थोडी खाली केली. आतलं पाणी हिंदकळलं आणि थांबलं. त्याच्या छातीच्या वरच्या बरगडीला.

"बायनामाय, इथं उभ्या राहा जरा."

ती उभी राहिली. त्यानं नळी तिच्याशेजारी धरली. पाण्याची रेघ तिच्या नाकाच्या शेंड्याशी आली.

ती डोळे खाली करून त्या रेघेकडं बघत होती, म्हणजे स्वतःच्याच नाकाकडं, आणि दुसऱ्या कुठल्या वेळी त्यावरून महारुद्रानं तिला पुरतं हैराण केलं असतं.

"आजून एकदा मोज," ती म्हणाली.

त्यांनी परत बाभळीपासून मोजलं. या वेळी नळीचं मागचं टोक महारुद्रानं धरलं, म्हणजे कुणाचा हात वाकडा म्हणायला नको. परत नाकच.

"म्हंजे मी झोपल्याली आसते तर?"

"झोपल्याली, बसल्याली, उभी, समदं सारखंच, माय," सिद्धोधन म्हणाला.

ती त्या चार दगडांपाशी खाली बसली. "मग तिनं मपला नारळ हितं कामून आणला? गळा धरायला?"

याचं उत्तर द्यायचं म्हणूनच मुंजाजीला रात्री झोप लागली नव्हती. ओटी खोटी म्हणावी तर या बाईनं गुडघाभर पाण्यात उभं राहून जे केलं ते सगळं वाया जातं. आणि खरी म्हणावी तर एकोणीस घरं बुडतात. तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"बाई, लेक माहेरी आली की कुठवर येती?"

"चुलीपाशी येती की. तिचंच घर."

"तुमीच म्हणलाव, ती माहेरी आल्यावाणी आली. ओटी तिनं घेतली, संगं घेऊन हिंडली, आन् जिथवर ती आली तिथं खूण ठिवून गेली. आपण म्हणायलोत, ही जागा तिनं आपल्याला दिली. मला वाटतं, ती म्हणायलीय, हितवर माझं घर हाय."

बायनाबाईनं मान वळवून ओढ्याकडं बघितलं. ओढ्यात आता घोटाभर पाणी होतं, आणि ते सरळ खाली, गंगेकडं चाललं होतं.

"आन् काल नारळ उभा राह्यला तो?"

"तो काय सांगतो? पाणी हाय. एवढंच सांगतो तो. घर बांधा आसं त्यो कव्हाच बोलला न्हाई. ते मी बोललो, तीस साल झाले. पाणी जवळ हाय, बसा हितं म्हणलं. जवळ म्हंजे चांगलं, एवढंच शिकलो जन्मभर. खालची वस्ती मपल्या जिभेनं बसवली, बाई."

"गप बसा वो," ती म्हणाली. "त्या हिरीवर दोन लेकरं वाढवली मी. कडक उन्हाळ्यात बी ती आटली न्हाई. काढा तुमचं ते रडगाणं." मग पदरानं नाक पुसत, जणू अजून ओलं असावं तशी, ती उठली. "चल रं सिद्धोधना. वर कुठवर यायची तिची रेघ, ते दाखव."

ते माळाकडं चढत गेले. रेघ सिद्धोधनच्या छातीवरून पोटावर, पोटावरून गुडघ्यावर, घोट्यावर आली, आणि एका करवंदीच्या जाळीपाशी नळीतलं पाणी जमिनीला टेकलं. तिथं त्यांनी खुंटी ठोकली. "याच्या वर आजून दोन पुरुष उंच चढा," सिद्धोधन म्हणाला. "ती परत आली आन् जरा जास्त मुक्कामी आली, तरी उंबरा वर राह्यला पायजे."

वर माळ. मुंजाजीनं परत चपला काढल्या आणि सगळा माळ नारळ हातावर घेऊन पालथा घातला. नारळ आडवाच. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तो निजलेला राहिला. खडकाच्या त्या माळावर उन्हाळ्यात टँकरशिवाय काही नव्हतं, हे सगळ्यांच्या लक्षात आलं. पूर आठ दिवसांचा असतो. तहान दर वर्षी चार महिने.

सोमवारी ग्रामसभा शेडातच भरली. ग्रामसेविका निकिता मॅडम स्कूटी फाट्यावर लावून चालत आल्या. बावीस-तेवीस वर्षांच्या असतील, पण कागद बोलण्याआधी वाचायची सवय असलेल्या. त्यांनी विचारलं, "जागा ठरली का?"

एकोणीसपैकी सातजण अजूनही ओढ्याकडचेच होते. एकजण म्हणाला, "शंभर वर्सातून एकदा आसं पाणी येतंय."

"मागल्या चार सालात माझं घर दोनदा बसलं," बायनाबाई म्हणाली. "तुझे शंभर लवकर भरायलेत रे बाबा." आणि ती उठून त्याच्यासमोर उभी राहिली. "हे बघ. माझं नाक बघ. हितवर पाणी व्हतं त्या जागंवर. तुझ्या लेकीचं नाक कुठं येतंय ते तूच मोज."

तो माणूस आपल्या लेकीकडं बघायला लागला. ती पाच वर्षांची होती. मग त्यानं माळाकडं बोट केलं, आणि बाकीच्या सहाजणांनीही.

मॅडमनी लिहिलं: गायरानाचा माळाकडील भाग. मग पुढच्या रकान्यावर त्यांचं पेन थांबलं. "पाण्याची सोय?"

मुंजाजी दाराजवळून उठला. सभेत उठून बोलण्याची त्याची ही पहिलीच वेळ असावी, कारण हात कुठं ठेवायचे ते त्याला कळत नव्हतं.

"मॅडम, माळावर पाणी न्हाई. मी बघितलंय. पर वढ्याकाठी हाय, ते चार दगड हाईत तिथं. हीर तिथं घ्या. कठडा सिद्धोधनच्या डोक्याच्या वर बांधा, चढायला पायऱ्या ठिवा, म्हंजे गंगा आली तरी हिरीत घुसायची न्हाई. घरं माळावर. पाणी खाली आन् माणसं वर." तो जरा थांबला. "चढ हाय मधी. त्याला माझ्यापाशी विलाज न्हाई."

मॅडमनी मान डोलवली आणि तसं लिहिलं. सह्या सुरू झाल्या. पुरुषांच्या झाल्या, बायकांची पाळी आली, आणि बायनाबाईनं कागद हातात घेऊन तसाच धरला.

"काय झालं मावशी? सही येते ना तुम्हाला?"

"येती. चढ कुणाच्या डोक्यावर येणार हाय ते लिव्हलंय का यात?"

"म्हणजे?"

"हीर खाली, घर वर. मधी घागर. घागर कुणाच्या डोक्यावर? ते लिव्हा. नळ येईस्तोर पाणी गडीमाणसांनी आणायचं."

मागं बायकांत हसण्याची लाट उठली. बबितानं सिद्धोधनला कोपरानं ढोसलं. मॅडमनाही हसू आवरलं नाही. "मावशी, असा रकाना नाही हो यात."

"खाली जागा हाय की. तिथं लिव्हा."

"ठरावात असं लिहीत नाहीत."

"मग मपली सही न्हाई. तिथं राह्यचं मला, कागदाला न्हाई राह्यचं."

मॅडमनी पुरुषांकडं बघितलं. पुरुषांनी पत्र्याकडं बघितलं. शेवटी मुंजाजी म्हणाला, "लिव्हा मॅडम. मी बी आणीन. म्हातारा हाय, अर्धी घागर आणीन."

मॅडमनी कोऱ्या जागेत बारीक अक्षरात दोन ओळी लिहिल्या आणि वाचून दाखवल्या: नळाची सोय होईपर्यंत नवीन वस्तीवर विहिरीचं पाणी नेण्याची जबाबदारी प्रत्येक कुटुंबातील पुरुषांची राहील, असे सर्वानुमते ठरले.

"आजून एकदा वाचा," बायनाबाई म्हणाली. मॅडमनी वाचलं.

महारुद्र सिद्धोधनच्या कानाशी लागला. "चढ किती पावलांचा हाय रं?"

"दोनशे साठ. भरल्या घागरीनं तीनशे धर."

बायनाबाईनं पेन घेतलं, कागद मांडीवर नीट बसवला, आणि एकेक अक्षर वेगळं काढत आपलं नाव लिहिलं.